शेवळं खाजली! सोबत दिलेली ती हिरवी फळं कसली?

गोदाकाठ (९ जून, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी मूळची परभणीची. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली तेव्हापासून ठाण्यात, घोडबंदर रोडला राहते. आमच्याकडच्या घोळ, चिवळ, तांदुळजा, अंबाडी या भाज्या मला डोळे मिटून ओळखता येतात. इथल्या पावसाळी भाज्या मात्र अगदी नव्या.

काल जांभळी नाक्यावर एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात गवताच्या काडीने बांधलेल्या जुड्या, तपकिरी-जांभळट रंगाचे टोकदार कोंब. मी विचारलं काय आहे, तर म्हणाल्या "शेवला". एक जुडी घेतली. त्यांनी न मागता मूठभर हिरवी, गोल, बोराएवढी फळंही पिशवीत टाकली आणि काहीतरी सांगितलं. तेवढ्यात पावसाची सर आली, सगळ्यांचीच धावपळ झाली. मला "काकडी घाल" असं ऐकू आलं. घरी काकडी नव्हती, म्हणून तशीच कांदा-लसणावर परतून भाजी केली.

दोन घास खाल्ले आणि घशात कुसळं अडकल्यासारखं टोचायला लागलं. मुलाने एकच घास घेतला होता, त्याचे ओठ चुरचुरायला लागले. ताक प्यायलो, गूळ खाल्ला. दोनेक तासांनी बरं वाटलं, पण उरलेली भाजी टाकावी लागली याचं फार वाईट वाटलं. चव खरंच वेगळी होती, आवडली होती.

माझे प्रश्न: साफ करताना माझं काही चुकलं का? ती हिरवी फळं (अजून फ्रीजमध्ये डब्यात आहेत) कसली? आणि या भागातल्या आणखी कोणत्या भाज्या करण्याआधी असं काही माहीत असायला हवं?

---

नौपाड्याची_सून

ती फळं टाकू नका!! काकडं आहेत ती. आजी "काकडा घाल" म्हणाल्या असणार. शेवळं काकडांशिवाय करायचीच नाहीत. म्हणून तर विकणाऱ्या बायका जुडीबरोबर काकडं देतात, वेगळी मागावी लागत नाहीत.

---

तिरफळ

गोदाकाठ ताई, वाचून जीव हळहळला. आम्ही सीकेपी, ठाण्यात तीन पिढ्या. आमच्या घरात वर्षाच्या पहिल्या शेवळांची वाट आंब्याइतकीच बघतात. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस पडला की सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "आली का गं बाजारात?" जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. मग वर्षभर नाही.

आमची पद्धत सांगते. आधी हाताला तेल लावायचं, कारण चिरतानाच हात खाजतात. शेवळाचं बाहेरचं आवरण उलगडलं की आत एक दांडा दिसतो. त्या दांड्याच्या खालच्या अंगाला पिवळसर, रवाळ भाग असतो. तो काढून टाकायचा. पुन्हा सांगते, तो पिवळा भाग काढून टाकायचा, सगळी खाज तिथे जास्त. उरलेलं अगदी बारीक चिरायचं. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं ठेचून, बिया काढून, थोड्या पाण्यात वाटून गाळून घ्यायची. भरपूर तेलात कांदा, मग शेवळं घालून चांगली परतायची. रंग काळपट होईपर्यंत. घाई करायची नाही. मग मसाला, सोडे किंवा कोलंबी, काकडाचा रस, आणि मंद आचेवर शिजू द्यायचं. शाकाहारी घरात सोड्यांऐवजी सोललेले वाल. शेवळांची कणीही करतात, तांदळाच्या कण्या घालून. ती माझ्या आजेसासूबाईंना छान जमायची, माझ्या हातून तशी झालेली नाही.

काकडं नसतील तर चिंचेचा कोळ किंवा आमसूल चालतं, पण चव ती नाही.

---

रसायनवाला

खाज कशाची ते थोडक्यात. शेवळं, अळू, सुरण ही एकाच कुळातली. यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्सॅलेटचे स्फटिक असतात, सुईसारखे लांबट, दोन्ही टोकांना अणकुचीदार. जुडगे करून बसलेले असतात. चावलं की सुया बाहेर पडून जिभेला, घशाला टोचतात. "कुसळं अडकल्यासारखं" हे तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे, खरोखरच टोचतंय तिथे.

हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नुसतं धुऊन किंवा एक वाफ काढून भागत नाही. नीट शिजवणं आणि आंबट घालणं हाच घराघरातला उपाय: अळूला चिंच, सुरणाला आमसूल, शेवळाला काकड.

एक महत्त्वाचं. नुसती चुरचुर असेल तर थोड्या वेळाने जाते. पण ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला तर ताक-गुळावर थांबू नका, सरळ डॉक्टरकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात वाट बघू नका.

---

गोदाकाठ

अगं बाई! तो पिवळा भाग मीच कौतुकाने ठेवला होता. कणसासारखा दिसत होता, म्हटलं हाच मुख्य खायचा भाग असेल. आणि काकडं आवळ्याच्या जातीची असतील असं समजून लोणचं घालणार होते. तिरफळ ताई, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. मुलगा आता एकदम ठीक आहे.

---

खाडीकाठ

आमचं गाव दिवा, ऐरोलीजवळचं. आम्ही आगरी. आमच्याकडं शेवलं म्हणजे सुकट नाहीतर कोलीम घालूनच.

ताईनी शेवटी विचारलंय बाकीच्या भाज्यांचं, म्हणून सांगते. खाडीच्या कडेला खाजणात मोरस येते. बारीक, जाडसर, रसाळ पानं. खाऱ्या पाण्यात वाढते म्हणून पानंच खारट. तिच्यात मीठ घालायचं नाही! आधी उकडून पाणी पिळून टाकायचं, मग कांद्यावर परतायची, तरी खारट लागते. माझी आई भाकरीबरोबर द्यायची, भाकरीत मग मीठ नाय टाकायची. आता खाजणं राहिली कुठं? आमच्या शेताच्या जागी सेक्टर झाले. उरलेल्या खाडीत पाणी कसलं येतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी आता तिथली खुडत नाही. उरणकडून कोणी आणली तरच.

---

वनस्पतीवेडा

छान धागा. शेवळाबद्दल थोडी भर.

आपण ज्याला कोंब म्हणतो तो कोंब नाही, फुलोरा आहे. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. सुरणाची सख्खी बहीण म्हणा, सुरण म्हणजे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस. जमिनीखाली कंद असतो. पावसाच्या चाहुलीने आधी फुलोरा वर येतो, पान नंतर, एकच, छत्रीसारखं पसरलेलं. तिरफळ ताईंनी सांगितलेला तो पिवळा रवाळ भाग म्हणजे प्रत्यक्ष फुलं: वर नरफुलं, त्यांच्याखाली मादीफुलं. त्यांच्या वरचा दांडा म्हणजे नुसता शेंडा. पूर्ण उमलल्यावर त्याला कुजक्या मांसासारखा वास सुटतो, त्यावर माश्या आणि भुंगेरे येतात आणि परागीभवन होतं. म्हणून खाण्यासाठी उमलण्याआधीच खुडतात. सुमात्रा बेटावरचं, तीन मीटरपर्यंत उंच फुलोऱ्याचं जे फूल बातम्यांत झळकतं, ते याच प्रजातीतलं. आपल्या जांभळी नाक्यावर त्याची धाकटी बहीण जुडी बांधून बसलेली असते!

काकडाचं झाड म्हणजे गारुगा पिन्नाटा. त्याचं कुळ गुग्गुळ आणि सालईचं, म्हणजे धुपाच्या झाडांचं. आवळ्याशी काही नातं नाही.

आता जे मला बोचतं ते लिहितो. आपण फुलोरा खातो म्हणजे त्या झाडाचं त्या वर्षीचं बी खातो. पूर्वी पाड्यावरची माणसं आपल्यापुरती काढायची. आता शहरात मागणी वाढलीय. मी गेली चार वर्षं शेवळं विकत घेणं बंद केलं आहे. बाकीच्यांनीही विचार करावा असं मनापासून वाटतं.

---

पारसिककर

वनस्पतीवेडा, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. आपण जुडी घेतली नाही तर ती आजी रिकाम्या हाताने परत जाणार. शहापूर-कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने टोपली डोक्यावर घेऊन येतात त्या. तुम्ही-आम्ही एसीत बसून त्यांचा धंदा बंद करायचा, हे निसर्गप्रेम मला कळत नाही.

---

वनस्पतीवेडा

धंदा बंद करा असं म्हटलेलं नाही. त्याच आजींकडून टाकळा घ्या, कुर्डू घ्या. ही तणं आहेत, कितीही खुडली तरी फुटतात. शेवळाच्या कंदाचं तसं नसतं.

---

मुरबाडकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी ठाकर समाजातला, मुरबाड तालुक्यात शिक्षक आहे. माझी आई आणि मावशी अजून शेवळं काढतात, म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो.

कंदाला आम्ही हात लावत नाही. फुलोरा खुडायचा, कंद मातीतच. कंद राहिला की पुढच्या वर्षी तिथेच परत येतं. आईला जागा पाठ आहेत: अमक्या बांधाखाली सात, तमक्या जांभळाजवळ पाच. सगळं काढायचं नाही, उमललेलं सोडायचं, ते तसंही कामाचं नाही. त्याचं बी पडतं.

पण वनस्पतीवेडा म्हणतात ते सगळंच खोटं नाही. हल्ली बाहेरचे लोक गाडी घेऊन येतात, पोत्यांनी नेतात. त्यांना जागा ठाऊक नाही, म्हणून दिसेल ते ओरबाडतात. आणि सगळ्यात जास्त शेवळं कशाने गेली सांगू? जेसीबीने. फार्महाऊससाठी उतार सपाट केला की कंद मुळासकट गेला. आमच्या पाड्यामागच्या एका टेकाडावरून आई दर वर्षी दोन टोपल्या आणायची. तिथे आता लॉन आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज (लाकडाखेरीज जंगलातली इतर उपज) गोळा करायचा हक्क दिलेला आहे. तो हक्क पाळणाऱ्याकडून घ्या. ओळखायचं कसं? विचारा. "कुठून आणली, कशी करायची?" जिने स्वतः काढली ती बाई दहा गोष्टी सांगेल. जिने पोतं विकत घेतलंय तिला काकड कशाला लागतं तेही सांगता येणार नाही.

आणि एक विनंती. भाव करू नका. एका जुडीमागे किती चालावं लागतं ते बघायला एकदा या, मी नेतो.

---

वनस्पतीवेडा

सर, हे मला माहीत नव्हतं. कंद न उपटता खुडतात हे वाचलं होतं, पण जागा लक्षात ठेवून मोजून काढतात हे आज कळलं. खरंच येऊ का?

---

मुरबाडकर

या. जुलैमध्ये या, तेव्हा पान आलेलं असतं, म्हणजे कंद कुठे आहे ते दिसेल. संपर्क व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

---

सह्यवाट

मी खारघरचा. परवा डोंगरावर फणसवाडीच्या वाटेने गेलो होतो. एक कोवळा, चमकदार पानांचा वेल दिसला, पानाच्या टोकाला तणाव्यासारखा आकडा. मोबाइलवरच्या झाडं ओळखायच्या अॅपने तीन नावं दाखवली, त्यातलं एक खाण्याजोगं. खुडणारच होतो. बरोबर वाडीवरचा एक मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा, त्याने माझा हात धरला. म्हणाला, "काका, ती कळलावी हाय."

---

नौपाड्याची_सून

देवच पावला!

---

वनस्पतीवेडा

त्या मुलाचे आभार मानावे तेवढे थोडे. कळलावी म्हणजे अग्निशिखा. गणपतीच्या सुमारास लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येतात. सगळं झाड विषारी, कंद सर्वात जास्त. त्यात कॉल्चिसीन असतं. योग्य मात्रेत ते गाऊट या सांधेदुखीवरचं औषध आहे, जास्त झालं तर जिवावर बेततं. पानाच्या टोकाचा आकडा ही तिची खूण, बघून ठेवा.

रानकांद्याच्या बाबतीतही तेच. पानं कोवळी असताना फोडशी या रानभाजीसारखी वाटू शकतात, पण त्याच्या कंदात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. अॅप फोटोवरून अंदाज बांधतं. कोवळ्या पानावरून, फूल-फळ नसताना, मी स्वतः वीस वर्षांनंतरही खात्री देत नाही.

आणि येऊरला जाणाऱ्यांसाठी: ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथून काहीही तोडून आणणं गुन्हा आहे. बघा, फोटो काढा, पिशवी नेऊ नका. २०२४ ला कारवी फुलली तेव्हा लोकांनी फांद्या मोडून नेल्या, फार वाईट वाटलं. आता ती थेट २०३२ ला फुलणार. कारवीच्या काठ्यांच्या कुडावर शेणमाती लिंपून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहिली. त्या झाडाची एवढी तरी आब राखावी.

---

आईचा_डबा

फोडशीचं नाव आलंच आहे तर, आम्ही नेरुळला तिला कुलूची भाजी म्हणतो. दिसायला गवत. खालचा पांढरा भाग कापून, आतली जून शीर काढून, बारीक चिरून मूगडाळ घालून करते. उरली तर थालीपिठात. मुलांना पत्ता लागत नाही.

---

वनस्पतीवेडा

आणि ही आपली अगदी घरची! फोडशी क्लोरोफायटम या प्रजातीतली. त्याच प्रजातीतल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, बोरिवलीवरून ठेवलेलं. लोकल स्टेशनचं नाव वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात गेलं.

---

पारसिककर

म्हणजे पुढचं स्टेशन दहिसर, एखादं गवत राखून ठेवा त्याच्यासाठी.

---

आईचा_डबा

टाकळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आमच्या सोसायटीबाहेरच्या रिकाम्या भूखंडावर जूनमध्ये टाकळ्याचा गालिचा होतो. माझ्या मुलीने शोधलेली गंमत: संध्याकाळी त्याची पानं जोडीजोडीने मिटतात, हात जोडल्यासारखी. सकाळी उघडतात. ती शाळेतून आल्यावर रोज सात वाजता बघायला जाते, आज किती वाजता झोपला म्हणून वहीत वेळ लिहिते. पावसाळी अंधारल्या दिवशी लवकर झोपतो असं तिचं निरीक्षण आहे. आता तिच्या वहीत कितीतरी दिवसांच्या वेळा झाल्या आहेत.

---

रसायनवाला

मुलीला शाबासकी सांगा. वही जपून ठेवा.

टाकळ्याच्या बिया भाजून, दळून कॉफीसारखं पेय करतात. कोवळा पालाच खावा, पोट साफ करणारी द्रव्यं त्यात असतात. जून पाल्याची भाजी भरपूर खाल्ली तर दुसऱ्या दिवशी कळतं.

पण त्याच्या भावंडापासून सांभाळा. कासविंदा, म्हणजे रानटाकळा. त्याच्या शेंगा चपट्या असतात, टाकळ्याच्या लांब, बारीक, वाकड्या. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांमध्ये मेंदू आणि यकृताचा एक गूढ आजार वर्षानुवर्षं येत होता. संशोधकांनी त्याचा संबंध याच झाडाच्या शेंगा खाण्याशी जोडला. खेळता खेळता मुलं शेंगा सोलून खातात. मुलगी भूखंडावर जाते म्हणून मुद्दाम लिहितोय.

---

आईचा_डबा

बापरे. उद्याच दोन्ही झाडं तिला शेजारी शेजारी दाखवते. धन्यवाद दादा.

---

गोदाकाठ

किती शिकायला मिळतंय! मग आमच्या मराठवाड्याचीही थोडी भर घालते.

घोळ आणि चिवळ या बहिणी-बहिणी. आणि बाल्कनीत आपण जे ऑफिस टाइम लावतो, सकाळी दहाच्या सुमारास फुलणारं, तेही त्याच घरातलं. माझी आजी म्हणायची, घोळ पहाटे खुडावी, आंबट लागते. दुपारी तीच मिळमिळीत. लहानपणी वाटायचं आजीचं काहीतरीच. मग बी.एस्सी.ला शिकले की पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरून टाकते. म्हणून पहाटे आंबट! वर्गात बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी पार रडकुंडीला आले होते. आजी तेव्हा नव्हती, नाहीतर धावत जाऊन सांगितलं असतं.

दुसरं म्हणजे केना. निंदताना बायका वैतागतात, कितीही उपटला तरी येतो. त्याचं कारण जमिनीखाली. केन्याला वर निळी फुलं येतातच, पण मातीतसुद्धा न उमलणारी फुलं लागतात आणि तिथेच बी धरतं. त्याच्या पानांची भजी मात्र सुंदर होतात.

---

तिरफळ

ताई, आजीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

पारसिककर

धागा थोडा वळवतो. परवा एकादशीला आईशी वाद झाला. मी टोमॅटो मागितला तर म्हणाली, विलायती, उपासाला चालत नाही. मग साबुदाणा कसा चालतो?

---

वनस्पतीवेडा

आईंशी वाद नको, पण ताट बघा. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वताचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची, रताळं अमेरिकेतली. राजगिऱ्याचा दाणाही मेक्सिकोकडचा. ताटातलं अस्सल इथलं म्हणजे वरीचे तांदूळ, सुरण, शिंगाडा. पोर्तुगीज यायच्या आधी आपल्या जेवणात तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा होता. पेरू, पपई, सीताफळ, काजू, अगदी आपला घोलवडचा चिकूसुद्धा तिकडचाच. आणि चिंच आफ्रिकेची, पण ती इतक्या जुन्या काळी आली की तिला परकी म्हणवत नाही.

इथल्या मातीतलं हवं तर वांगं, काकडी, तूर, तीळ, आंबा, फणस आहेतच.

---

खाडीकाठ

मला ऋषीपंचमीची भाजी बरोबर वाटते. बैलाच्या कष्टाचं काही त्यात नसतं. आमची आजी परसातलं अळू, भेंडी, पडवळ, शिराळी, लाल माठ, अंबाडी आणायची, तेलफोडणी न देता शिजवायची. त्या दिवशी बैल पण निवांत.

---

नौपाड्याची_सून

गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी असते, ती राहिली. शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळतं हे खरं का?

---

रसायनवाला

खरं. बियांच्या पुडीतली प्रथिनं धनभारित असतात, गढूळपणाचे ऋणभारित कण त्यांना चिकटून गठ्ठे होतात आणि तळाशी बसतात. पण निवळलेलं पाणी जंतूमुक्त झालं असं समजू नका, उकळायचं ते उकळायचंच.

---

सह्यवाट

कंटोळी लावलीय बाल्कनीत. वेल दोन वर्षं वाढतोय, फुलं येतात, फळ एक नाही. खत घालून थकलो.

---

वनस्पतीवेडा

खताचा दोष नाही. कंटोळीत नर आणि मादी वेल वेगळे. फुलाच्या मागे छोटं काटेरी फळ दिसतं का? नसेल तर तुमचा वेल नर आहे. मादी वेलाचा कंद आणा. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच टेकवा.

---

सह्यवाट

आत्ताच बॅटरी लावून बघून आलो. एकाही फुलामागे फळ नाही. नरच आहे.

---

पारसिककर

स्थळ बघायला घ्या.

---

गोदाकाठ (१७ जून, दुपारी २:१५)

मंडळी, आज परत शेवळं केली!

सकाळी जांभळी नाक्यावर गेले. मधला रविवार हुकला म्हणून धाकधूक होती, पण त्याच आजी तिथेच होत्या. मी आधी सांगितलं की मागच्या वेळी काकडं घातली नाहीत आणि घसा धरला. त्यांनी कपाळावर हात मारला. मग स्वतः एक शेवळ घेतलं, नखाने आवरण उलगडलं, आतला पिवळा भाग अंगठ्याने मोडून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "ह्यो काडायचा. सांगितला व्हता ना." म्हणजे त्या दिवशी पावसात त्यांनी हेही सांगितलं होतं, मला ऐकूच आलं नाही.

मुरबाडकर सरांनी लिहिल्याप्रमाणे विचारलं, कुठून आणली? वासिंदच्या पुढे त्यांचा पाडा. पहाटे तीनला उठतात. काकडाचं झाड घरामागेच आहे, सासऱ्यांनी राखलेलं, तोडू दिलं नाही. भाव केला नाही. दोन जुड्या घेतल्या, काकडं त्यांनी या वेळी दोन मुठी दिली.

घरी येऊन हाताला तेल लावून बसले. काकडं ठेचताना हिरवा, करकरीत वास आला, थोडा कैरीसारखा, थोडा धुपासारखा. (वनस्पतीवेडा दादा, धुपाचं कुळ म्हणालात ते नाकाला पटलं.) आम्ही शाकाहारी, म्हणून वाल घातले. अर्धा तास परतली, मग रस घातला. मुलगा आधी जवळच येईना. त्याच्या बाबांनी खाल्ली, मी खाल्ली, पाच मिनिटं थांबलो. मग त्याने बोटाच्या टोकावर घेतली. मग पोळीबरोबर. मग कढई पुसून घेतली.

घसा शांत आहे.

---

तिरफळ

आज माझ्या सासूबाई असत्या तर तुम्हाला जेवायला बोलावलं असतं. मीच बोलावते. नौपाडा लांब नाही.

---

मुरबाडकर

आईला वाचून दाखवलं. ती विचारते, काकडाच्या बिया टाकल्या का? टाकल्या नसतील तर कुंडीत लावा म्हणते.

---

गोदाकाठ

टाकल्या नाहीत. चार बिया ओल्या फडक्यात ठेवल्यात.

आणि आजींनी निघताना भारंगीची जुडी दिलीय, पैसे घेतले नाहीत. ही उकडून पाणी टाकायचं की ठेवायचं? या वेळी आधी विचारते, मग गॅस पेटवते.

---

खाडीकाठ

टाकायचं, कडू असतं. उकडून घट्ट पिळ, मग मूगडाळ नाहीतर वाल घालून कर. कोवळीच पानं घे, जून असली तर दोनदा उकड.